रीसच्या विवरातून एन्सिसहाइमच्या दगडाकडे

गुरुवार, न्योर्डलिंगेन

श्टुटगार्टहून निघून आलेनला गाडी बदलली की थोड्या वेळाने डोंगर मागे पडतात आणि सपाट शेतं सुरू होतात. हिरवा गहू, मका, मधूनच एखादं चर्च. ही सपाटी म्हणजे रीसचं विवर. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी साधारण एक किलोमीटर व्यासाचा लघुग्रह इथे आदळला आणि जवळपास २४ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. न्योर्डलिंगेन हे तटबंदीचं जुनं गाव त्या खड्ड्याच्या पोटात वसलेलं आहे.

बाबा बरोबर होते. बुलढाणा जिल्ह्यात भूगोल शिकवून ते निवृत्त झाले. शाळेच्या किती सहली त्यांनी लोणारला नेल्या असतील याची मोजदाद नाही. जर्मनीत आल्यापासून त्यांनी राजवाडे बघून घेतले, नद्या बघून घेतल्या, पण त्यांचा जीव रीसमध्ये अडकला होता. "लोणारची धार एका नजरेत मावते. इथं ती दिसते तरी कुठं?" हा त्यांचा गाडीतला प्रश्न.

उत्तर सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्यावर मिळालं. या मनोऱ्याला गावकरी 'डॅनियल' म्हणतात. उंची सुमारे ९० मीटर, पायऱ्या साडेतीनशे. बाबा प्रत्येक टप्प्यावर थांबत, भिंतीवर हात फिरवत चढले. त्यांचं थांबणं दम खाण्यासाठी असेल, पण हात फिरवणं त्यासाठी नव्हतं. मनोरा ज्या दगडाचा आहे तो सुएविट. करडा, खरबरीत, आणि त्यात काळपट काचेचे चपटे तुकडे अडकलेले. आघाताने चिरडलेला खडक आणि वितळून पुन्हा गोठलेली काच एकत्र येऊन हा दगड झाला. बाबांनी खिशातलं भिंग काढलं आणि एका काचेच्या तुकड्यावर धरलं. काचेत हवेचे फुगे होते, कडेला पांढरट कण होते. मागून चढणारी माणसं आमच्याकडे बघत पुढे जात होती.

वर पोचल्यावर बाबा सावकाश पूर्ण गोल फिरले. क्षितिजावर सगळीकडे झाडांनी भरलेली बुटकी टेकड्यांची रांग आहे, मध्ये कुठेच तुटत नाही. "पाह्य बरं, हीच धार," ते म्हणाले, आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत.

रीस हा ज्वालामुखी आहे असंच लोक फार काळ मानत होते. १९६० साली भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर इथे आले, जवळच्या ओटिंगच्या खाणीतला सुएविट त्यांनी तपासणीला पाठवला, आणि एडवर्ड चाओ यांना त्यात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झवर प्रचंड दाब आला तरच हे खनिज तयार होतं. ज्वालामुखीच्या मुखाशी तसला दाब नसतो. लोणारची गोष्टही याच वळणाने गेली. तिथेही ज्वालामुखीचा तर्क होताच. १९७३ साली लोणारच्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि वाद जवळजवळ मिटला. फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना आघाताच्या दाबाने मोडून त्याची काच होते, ती ही मास्केलिनाइट. बाबांनी हा शब्द वहीत लिहून घेतला. तो पुढे एन्सिसहाइमला पुन्हा भेटणार होता.

रीसमध्ये आदळलेल्या लघुग्रहाचा एकही तुकडा मिळालेला नाही. लोणारमध्येही नाही. विवर बघायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, "मग तो दगड कुठाय?" एवढा मोठा दगड वातावरणाला जुमानत नाही. अवकाशातला वेग घेऊन तो तसाच जमिनीवर येतो आणि आदळण्याच्या उष्णतेत त्याची वाफ होते. मुठीएवढा, टोपलीएवढा दगड मात्र हवेत चांगलाच मंदावतो. वरची साल जळते, आतला भाग थंड राहतो आणि शेवटी तो साध्या पडत्या दगडाच्या वेगाने खाली येतो. म्हणून विवरं मोठ्या दगडांची असतात आणि संग्रह लहान दगडांचे.

रीस विवर संग्रहालयात अपोलो १६ ने आणलेला चंद्राचा तुकडा आहे. १९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर या भागात खडक ओळखायला शिकले, त्या नात्याने नासाने तो दिला. संग्रहालय बघून आम्ही शेवटी मोल्डावाइटच्या कपाटाशी रेंगाळलो. ही हिरवी काच याच आघातात उडाली आणि शेकडो किलोमीटर पूर्वेला, आजच्या चेक प्रजासत्ताकात जाऊन पडली. हल्ली दागिन्यांसाठी तिला एवढी मागणी आहे की नकली मालाचा सुळसुळाट झाला आहे. नकली तुकडा बहुधा चकचकीत, ओलसर दिसतो, आणि एकाच साच्यातले दोन तुकडे शेजारी ठेवले की खळगेही जुळतात. खऱ्यात भिंगाखाली लांबट बुडबुडे आणि तारेसारखे वळलेले पारदर्शक धागे दिसतात. हे धागे शुद्ध सिलिका वितळून झालेले असतात. घ्यायचा असेल तर भिंग लावल्याशिवाय पैसे काढू नयेत.

शुक्रवार, म्युलूझ

दिवस प्रवासात गेला. श्टुटगार्ट ते स्ट्रासबुर्ग, तिथून म्युलूझ. हॉटेलात सामान टाकून मी रात्री एन्सिसहाइमच्या बाजारासाठी माझा अदलाबदलीचा डबा लावून घेतला. त्यात सगळे अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड. स्वीडनमधल्या मुओनिओनालुस्ता या लोखंडी अशनीच्या दोन चकत्या, सहाराचे काही साधे कॉन्ड्राइट, म्हणजे नेहमी आढळणारे दगडी अशनी, आणि प्रत्येकाच्या पिशवीत त्याची चिठ्ठी. लोखंडी चकत्यांबरोबर ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलं होतं. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडी अशनी ठेवणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. आत शिरलेलं क्लोराइड आणि हवेतला दमटपणा मिळून चकती आतून गंजत जाते, आणि बाहेर तांबडा थेंब दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

शनिवार, एन्सिसहाइम

म्युलूझच्या उत्तरेला थोड्या अंतरावरचं हे फ्रान्सच्या अल्सेस भागातलं छोटं गाव. दरवर्षी जूनमध्ये इथल्या रेजन्सी राजवाड्यात अशनींचा बाजार भरतो, आणि युरोपभरचे हौशी संग्राहक, व्यापारी, प्रयोगशाळांतले लोक गोळा होतात. हॅम्बुर्ग-म्युनिकलाही खनिजांची मोठमोठी प्रदर्शनं होतात, पण तिथे अशनी एका कोपऱ्यात असतात. इथे टेबलांवर दुसरं काही नसतंच.

बाजारात शिरण्याआधी आम्ही मूळ दगडाला भेटलो. ७ नोव्हेंबर १४९२ रोजी दुपारच्या सुमारास मोठा गडगडाट झाला आणि गावाबाहेरच्या गव्हाच्या शेतात हा दगड पडला. पडताना एका मुलाने पाहिला. खड्डा माणूस कमरेपर्यंत उतरेल एवढाच. लोक धावले आणि ज्याला जमेल तो तुकडा फोडून नेऊ लागला. अधिकाऱ्यांनी येऊन ते थांबवलं. त्याच महिन्यात राजा माक्सिमिलियन तिथून जाताना थांबला, दगड वाड्यात मागवला, दैवाचा कौल आपल्या बाजूने आहे असं ठरवलं, एक तुकडा स्वतःला आणि एक आर्चड्यूक सिगिस्मुंडला घेतला, आणि उरलेला दगड चर्चमध्ये ठेवायला सांगितला. बाझेलमध्ये राहणाऱ्या सेबास्टियन ब्रांट या कवीने लगोलग चित्रासह कवितेचं पत्रक छापून काढलं. छपाई नवी होती, बातमी दूरवर गेली.

पडला तेव्हा दगड साधारण १२७ किलोचा होता. आज काचेच्या पेटीत आहे तो ५५ किलोच्या आत. उरलेला कुठे गेला? पहिल्या दिवशी फोडणारे गावकरी, राजा, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात दगड कोलमारला नेला तेव्हा हात लावणारे, नंतरची संग्रहालयं, अभ्यासक. पाचशे वर्षं हा दगड वाटला जातो आहे. मला त्याचं दुःख वाटत नाही. ज्या तुकड्यांबरोबर 'एन्सिसहाइम, १४९२' एवढी ओळ टिकली ते जगभरच्या कपाटांत आहेत आणि त्यांच्यावरच अभ्यास झाला. ज्यांची ती ओळ हरवली ते अल्सेसमधल्या कुठल्यातरी परसात साधे दगड होऊन पडले असतील.

दिसायला तो भपकेबाज नाही. एलएल६ प्रकारचा, म्हणजे लोह कमी असलेला आणि मूळच्या ग्रहपिंडात इतका तापलेला कॉन्ड्राइट की आतले गोल कण, कॉन्ड्रूल, जवळजवळ पुसले गेले आहेत. फोडलेल्या बाजूने करडा, त्यात काळ्या चकाकत्या घासपट्ट्या. जळक्या सालीचा थोडासाच भाग शिल्लक. या दगडाविषयी खूप जण खूप बोलले, प्रत्येक जण काहीतरी बोलला, पण पुरेसं कोणीच नाही, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याच्यासाठी पूर्वी चर्चमध्ये लिहिलेलं होतं. गावात दगडाच्या राखणदारांचं मंडळही आहे, सेंट जॉर्जच्या नावाचं. लाल झगे घालून ते बाजाराच्या दिवसांत नवे सभासद करून घेतात. बाबांनी त्यांच्यातल्या एका आजोबांना नमस्कार केला, आजोबांनीही हात जोडले.

दालनात शिरल्यावर बाबा गोंधळले, कारण सगळ्यात सुंदर माल दारातच मांडलेला असतो. सेयमचान या अशनीच्या चकत्या, उजेडासमोर धरल्या की लोखंडात जडलेले ऑलिव्हिन या खनिजाचे मधाळ खडे झळकतात. गिबिऑन या लोखंडी अशनीच्या चकत्यांवर आम्लाने उठवलेली विडमानश्टेटनची जाळी. ही जाळी म्हणजे निकेल कमी आणि जास्त असलेल्या लोखंडाच्या पट्ट्या. लाखो वर्षांत काही अंश एवढ्या मंद गतीने थंड झालेल्या धातूतच त्या वाढतात, म्हणून कारखान्यात त्यांची नक्कल होत नाही. १९४७ साली सायबेरियात पडलेल्या सिखोटे-आलिनचे तुकडे, अंगठे दाबून ठेवल्यासारख्या खळग्यांचे. भाव प्रत्येक चिठ्ठीवर ग्रॅमला. वर्गीकरण न झालेला साधा सहारन कॉन्ड्राइट एक-दोन युरोच्या आसपास मिळतो, मंगळाचा दगड शेकड्यांत जातो.

मंगळाच्या टेबलाशी मी बाबांना मुद्दाम नेलं. मंगळावरून आलेल्या दगडांचा सगळ्यात मोठा गट 'शेरगोटाइट' म्हणून ओळखला जातो, आणि ते नाव बिहारमधल्या गयेजवळच्या शेरघाटीचं आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी तिथे साधारण पाच किलोचा दगड पडला. १८७२ साली खनिजतज्ज्ञ गुस्ताव चेर्माक यांनी त्याच दगडात एक अनोळखी काच पाहिली आणि तिला मास्केलिनाइट नाव दिलं.

बाबांनी वही उघडली. "म्हणजे लोणारची काच आणि ही..."

"एकच, बाबा. दोन्हीकडे आघातानेच झालेली. ही मंगळावर, ती आपल्याकडे."

टेबलामागचे गृहस्थ ऑस्ट्रियाचे होते. बाबा लोणारच्या बाजूचे आहेत हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, एका शेरगोटाइटची पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि दोन ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी भिंगं, एकमेकांना आडवे केले. बाकीची खनिजं रंगीत चमकत राहिली, मास्केलिनाइट तेवढं काळंठिक्कर झालं. काच असल्यामुळे ती प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलत नाही, म्हणून तो दुसऱ्या ध्रुवकातून पार होत नाही. बाबा उठायलाच तयार नव्हते. हा दगड मंगळाचाच कशावरून, तेही त्यांनी विचारून घेतलं: अंटार्क्टिकात मिळालेल्या अशाच एका दगडाच्या काचेत अडकलेले वायू १९८३ साली मोजले गेले, आणि नासाच्या व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी ते जुळले.

रविवार, एन्सिसहाइम

सकाळी ओळखपरेड. लोक घरचे दगड घेऊन येतात आणि जाणकार बघून सांगतात. बहुतेकांच्या हाती निराशा येते, आणि हे सांगणाऱ्याला मन घट्ट करावं लागतं. एक बाई आजोबांच्या शेतातला काळा जड गोळा घेऊन आल्या होत्या. जाणकाराने तो बिनझिलईच्या फरशीच्या मागच्या बाजूवर घासला. तांबडी रेघ उठली: हेमॅटाइट. दुसऱ्याच्या दगडात बुडबुड्यांची भोकंच भोकं. तो भट्टीतला मळ. पोटात भोकं असलेले अशनी फारच दुर्मीळ. तिसऱ्यात पांढरं क्वार्ट्झ दिसत होतं, तोही बाद. खरा असण्याची लक्षणं म्हणजे पातळ काळी साल, आकाराच्या मानाने जास्त वजन, आणि एक कोपरा घासला की करड्या अंगात लुकलुकणारे धातूचे कण. त्या कणांत निकेल निघालं तर गोष्ट पुढे सरकते. शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा.

लोहचुंबकाबद्दल मला इथे कळकळीने सांगायचं आहे. प्रत्येक माहितीपत्रकात 'चुंबक लावून बघा' लिहिलेलं असतं. मोरोक्कोत मिळालेला 'ब्लॅक ब्यूटी' हा मंगळाचा दगड घ्या. त्यात जवळजवळ ४४० कोटी वर्षं जुने झिरकॉन या खनिजाचे कण आहेत. मंगळाला एके काळी चुंबकीय क्षेत्र होतं, त्याची खूण असल्या दगडात टिकायला हवी होती. पण शोधणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी तगडी चुंबकं लावून लावून ती पुसून टाकली आहे, हे अभ्यासातून दिसलं. साल, वजन, घासलेला कोपरा एवढ्यावर बहुतेक काम भागतं. चुंबक घरी ठेवावं.

दुपारी एर्फूदच्या एका व्यापाऱ्याशी बसलो. एर्फूद मोरोक्कोच्या वाळवंटाच्या कडेचं गाव, जीवाश्मांसाठीही प्रसिद्ध. वाळवंटात उंट-बकऱ्या राखणारे भटके लोक काळे दगड हेरतात, ते याच्यासारख्यांकडे येतात. तो बाबांना आदराने 'हाज' म्हणत होता आणि दर थोड्या वेळाने त्यांचा चहाचा पेला भरत होता. त्याच्या मालाच्या नावांत फक्त 'वायव्य आफ्रिका' आणि एक आकडा असतो, कारण दगड नेमका कुठे सापडला हे कित्येकदा नोंदलेलंच नसतं. नाव आणि आकडा मेटेओरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या संस्थेची नामकरण समिती देते, त्यासाठी नमुन्याचे २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, यांतलं जे कमी ते, मान्य संस्थेकडे कायमचं ठेवावं लागतं. म्हणजे माझ्या डब्यातल्या प्रत्येक चकतीचा एक भाऊबंद कुठल्यातरी संग्रहालयात अभ्यासासाठी राखून ठेवलेला आहे. बाजार नसता तर वाळवंटातले हे दगड उचलायला कोणी वाकलं नसतं, हे मला मनापासून पटतं. पण 'कुठे' ही माहिती सुटली की पडण्याचा माग काढता येत नाही, हेही तितकंच खरं. हल्ली हा व्यापारी प्रत्येक पिशवीत जागेचे अक्षांश-रेखांश आणि तारीख लिहून घेतो. त्याच्याकडून मी दोन लहान कॉन्ड्राइट घेतले, ते त्या चिठ्ठ्यांसाठी.

माझी खरी खरेदी मात्र अदलाबदलीतून झाली. एका वयस्कर फ्रेंच संग्राहकाकडे लेग्ल या अशनीचा तुकडा होता. वजन दोन ग्रॅमांच्या आत, एका कडेला जळकी साल, सालीवर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर काळ्या शाईत आकडा, आणि बरोबर पिवळी पडलेली चिठ्ठी: गावाचं नाव आणि '२६ एप्रिल १८०३'. त्या दिवशी नॉर्मंडीत लेग्लच्या आसपास सुमारे तीन हजार दगड पडले. आकाशातून दगड पडतात हे तोवर पॅरिसचे बहुतेक विद्वान मानत नव्हते. ख्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये तसं लिहिलं तेव्हा त्यांची टवाळीच झाली होती. ज्याँ-बातिस्त बियो हे फ्रेंच शास्त्रज्ञ लेग्लला गेले, गावोगाव साक्षी घेतल्या, दगड कुठे कुठे पडले त्याचा लांबट पट्टा आखला, आणि त्या भागात आधी असा दगड कोणाकडेही नव्हता याची खात्री करून घेतली. त्यांच्या अहवालानंतर वाद फारसा उरला नाही. बियोंनी जे शास्त्रासाठी केलं तेच आपण डब्यातल्या प्रत्येक दगडासाठी करायला हवं: कुठे, कधी, कोणासमोर, कोणाकडून. मुओनिओनालुस्ताच्या दोन्ही चकत्या आणि वर थोडे पैसे देऊन तो तुकडा मी घेतला. त्या गृहस्थांनी जुनी चिठ्ठी मला देताना बजावलं की ती कधीच टाकायची नाही, आपलं नाव वेगळ्या कागदावर लिहून खाली जोडायचं. त्यांच्या आधीच्या दोघांचे कागद त्यात होतेच.

तिथेच एका जणाने लोणारची काच मागितली, चांगला मोबदला देऊ केला. मी काही बोलायच्या आत बाबांनी मान हलवली. लोणार संरक्षित जागा आहे, तिथला खडा उचलून आणणं चुकीचं आहे, हे त्यांनी साध्या इंग्रजीत, पण शिक्षकाच्या आवाजात सांगितलं. माणूस वरमला नाही, उलट त्याने वहीत लिहून घेतलं. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. नामिबियात गिबिऑनला संरक्षण आहे, अर्जेंटिनात अशनी बाहेर नेता येत नाहीत, भारतात पडलेले अशनी सांभाळायचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचं. जुना तुकडा घेताना तो त्या देशातून कधी बाहेर पडला, हे विचारलंच पाहिजे.

म्हणून काटोलही मी इथे शोधला नाही. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या परिसरात दगड पडले, एल६ प्रकारचे, म्हणजे तेही कॉन्ड्राइटच. त्यांतल्या आघाताच्या शिरांमध्ये भारतीय आणि जपानी अभ्यासकांना नैसर्गिक ब्रिजमनाइट सापडलं, २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात सगळ्यात जास्त असलेलं हे खनिज. तिथून ते वर आणायची सोय नाही, आणि ते हाती आलं विदर्भात आकाशातून. बाबांना हे नवीन होतं. काटोल त्यांच्या मावशीचं गाव.

परतीच्या गाडीत त्यांनी रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या अशनीचा मटाराएवढा काळा दाणा पुन्हा पुन्हा काढून बघितला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी तिथे आकाशात झालेला त्याचा स्फोट त्यांनी वर्गात मुलांना शिकवला होता, म्हणून तोच घ्यायचा हे त्यांचं सकाळीच ठरलं होतं. पावती आणि चिठ्ठी पासपोर्टच्या पाकिटात गेली. मग त्यांनी कोलकात्याचा विषय काढला. शेरघाटीचा मुख्य तुकडा तिथे सर्वेक्षण संस्थेकडे आहे. दिवाळीनंतर नागपूरहून गाडी पकडायची, पण आधी संस्थेला पत्र टाकून बघायला मिळेल का ते विचारायचं, असं ठरलं. पत्राचा मसुदा स्ट्रासबुर्ग यायच्या आत बाबांनी लिहून काढला आणि तपासायला माझ्याकडे दिला.